ढीग कुठे साचतो ते पाहा

मंडळी, आजचा विषय मॅनेजमेंट! जन्मभर खडू-फळ्याशी संसार केलेल्या बाईला सत्तरी उलटल्यावर हे काय सुचलं, असं आमच्या घरच्या वाचकांना नक्की वाटणार. पण सांगते, विषय वाटतो तितका परका नाही. निदान मला तरी तो आमच्या सिहोऱ्याच्या शेतात, राईस मिलमध्ये आणि स्वयंपाकघरात रोज भेटतो.

झालं असं, की पुण्याच्या कंपनीत असलेल्या माझ्या धाकट्या मुलाने मला एक इंग्रजी पुस्तक दिलं. नाव 'द गोल'. लेखक एलियाहू गोल्डरॅट. हे गृहस्थ इस्रायलचे, शिक्षणाने पदार्थविज्ञानवाले. १९८४ साली जेफ कॉक्स यांना सोबत घेऊन त्यांनी हे पुस्तक लिहिलं. विषय कारखान्याचा, पण लिहिली चक्क कादंबरी! एक बंद पडायला आलेला कारखाना, सुधारायला तीन महिन्यांची मुदत, आणि इकडे त्याच्या मॅनेजरचा संसारही डळमळलेला. आम्ही बी.ए. झालो ते मराठी माध्यमातून, त्यामुळे डिक्शनरी शेजारी ठेवून वाचायला महिना लागला. पण गोष्ट असल्यामुळे वाचवलं गेलं. शिकवण्याचा हा प्रकार मला फार आवडला. गोल्डरॅट २०११ साली वारले, पण पुस्तक अजून वाचलं जातं.

त्यांचं म्हणणं अगदी साधं आहे. कुठलंही काम अनेक हातांतून, अनेक टप्प्यांतून जातं. या सगळ्या टप्प्यांत एक टप्पा सर्वात अरुंद असतो. सगळं काम त्या अरुंद जागेच्या वेगानेच पुढे सरकतं, बाकीच्यांनी कितीही घाम गाळला तरी! लग्नाची पंगत आठवा. भात तयार, भाजी तयार, पत्रावळी मांडलेल्या, पाहुणे भुकेले उभे, पण मांडवात एका वेळी शंभरच माणसं बसतात. अशा वेळी आचाऱ्याला "लवकर कर रे" म्हणून काय उपयोग? पहिली पंगत उठेपर्यंत दुसरी बसणार नाही.

मग करायचं काय? गोल्डरॅट पाच पायऱ्या सांगतात. माझ्या भाषेत सांगते. पहिली, अरुंद जागा शोधा. दुसरी, ती जागा एक क्षणही रिकामी राहू देऊ नका. तिसरी, बाकीच्यांनी तिच्या चालीने चालावं. चौथी, एवढं करूनही भागलं नाही तरच तिथे पैसा घाला. आणि पाचवी, ती जागा मोकळी झाली की अडचण दुसरीकडे जाऊन बसते, म्हणून पुन्हा पहिल्यापासून शोधा.

यातली तिसरी पायरी माणसाच्या गळी उतरत नाही. बाकीच्यांनी हळू चालायचं? कधी कधी हातावर हात ठेवून बसायचं? हा तर आळस झाला! पण आमच्याकडच्या कुठल्याही धान शेतकऱ्याला विचारा. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर एका दिवसात चार-पाच एकर चिखलणी सहज करून टाकतो. पण पऱ्हे उपटणाऱ्या आणि रोवणाऱ्या बाया त्या दिवशी जेवढ्या मिळाल्या, तेवढीच रोवणी होणार. समजा, दोन एकरांच्या बाया आहेत आणि मालकाने हौसेने पाच एकर चिखलणी करून ठेवली. मग उरलेल्या तीन एकरांतला गाळ दोन-तीन दिवसांत बसतो, घट्ट होतो, रोपाचं मूळ आत जात नाही. पुन्हा ट्रॅक्टर बोलवा, पुन्हा डिझेल जाळा. म्हणून जाणता शेतकरी आधी बाया ठरवतो आणि मग ट्रॅक्टरवाल्याला सांगतो, आज दोनच एकर कर. ट्रॅक्टर बांधावर उभा दिसतो, लोकांना वाटतं रिकामा आहे. पण त्याचं ते उभं राहणं हेसुद्धा कामच आहे! आमच्या शेतकऱ्यांना कुणी गोल्डरॅट शिकवला नव्हता, त्यांना गाळाने शिकवलं.

आता राईस मिलची हकीकत. माझा एक पुतण्या या व्यवसायात आहे. भंडारा-गोंदियाकडे धान हेच मुख्य पीक, त्यामुळे सरकारने हमीभावाने घेतलेल्या धानाची भरडाई करून देण्याचं काम इथल्या मिलवाल्यांना मिळतं. एक क्विंटल धान घ्यायचं आणि ६७ किलो तांदूळ ठरलेल्या मुदतीत जमा करायचा, असा त्याचा हिशेब. दोन वर्षांपूर्वी पुतण्या फार काळजीत होता. मुदत जवळ येत चाललेली, आणि रोजचा माल काही वाढेना. एक दिवस घरी येऊन म्हणाला, "मोठीआई, नवा शेलर घ्यायचा विचार करून राहिलो. बँकेचं लोन काढतो. आणि त्या सॉर्टेक्सवरच्या माणसाला काढून टाकतो. लय ढिला आहे तो."

सॉर्टेक्स म्हणजे तांदळातला काळा, डागी दाणा वेगळा काढणारं यंत्र. त्यावर बसणारा माणूस पन्नाशीचा, दोन मुलींचा बाप, मिलमध्ये वीस वर्षं झालेली. मला बरं वाटेना. कर्ज पुतण्याचं होतं आणि पोट त्या माणसाचं. मी म्हटलं, "काढायचं ते काढ, पण आधी मला एक दिवस तुझ्या मिलमध्ये बसू दे."

तर मंडळी, मी वही-पेन घेऊन खुर्ची टाकून बसले. परीक्षेच्या हॉलमध्ये आयुष्यभर केलं तेच काम, नुसतं पाहायचं! यंत्रातलं मला काही कळत नाही. पण ढीग कळतो. धानाच्या सफाईपाशी ढीग नव्हता. शेलरपाशी नव्हता. पॉलिशरपाशीही नव्हता. ढीग होता तो फक्त सॉर्टेक्सच्या अलीकडे, भिंतीला टेकून रचलेल्या कट्ट्यांचा. आणि त्याच्या पलीकडे पोती शिवणारी पोरं बिड्या ओढत बसलेली.

मग हिशेब केला. शेलर तासाला ४० क्विंटल धान घेत होता, म्हणजे पुढे जवळजवळ २७ क्विंटल तांदूळ येत होता. सॉर्टेक्सची ताकदच मुळी तासाला २० क्विंटलची. दर तासाला ७ क्विंटलचा ढीग वाढणार हे चौथीतला मुलगाही सांगेल. यात त्या माणसाचा काय दोष? अर्जुनाला आणून बसवलं तरी यंत्र २० च देणार. नवा शेलर आणला असता तर एकच झालं असतं, कर्जाच्या पैशाने ढीग अधिक जोरात वाढला असता!

पण वहीत आणखी एक गोष्ट निघाली. आठ तासांच्या पाळीत सॉर्टेक्स साडेसहा तासच चालत होतं. दुपारी तो माणूस जेवायला गेला की तासभर यंत्र बंद, कारण दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. आणि सकाळी सगळे आल्यावर कॉम्प्रेसर सुरू करायचे, हवेचा दाब भरेपर्यंत अर्धा तास. बाकी कुठल्याही यंत्राचा दीड तास गेला असता तर काही बिघडलं नसतं, ते भरून निघालं असतं. पण इथला दीड तास म्हणजे अख्ख्या मिलचा दीड तास, ३० क्विंटल तांदूळ!

उपाय काय झाला? रात्रीच्या चौकीदाराला सांगितलं, जाण्याआधी कॉम्प्रेसर सुरू करून जायचा. आणि शिलाईवरच्या एका चुणचुणीत पोराला दुपारपुरतं सॉर्टेक्सवर बसायला शिकवलं. शिकवलं कुणी? त्याच 'ढिल्या' माणसाने. रोजचे १३० क्विंटल होते ते १६० झाले. शेलर थोडा कमी चालवायला लागले, विजेचं बिलही आटोक्यात आलं. कर्ज टळलं, माणूस राहिला. मुदत गाठली. पुढे अडचण जागा बदलून गाड्यांपाशी गेली. तांदूळ तयार, पण जमा करायच्या ठिकाणी गाड्या दोन-दोन दिवस उभ्या! तो वेगळा अध्याय, त्यावर पुतण्याचं डोकं अजून चालू आहे.

मला यातून एक गोष्ट पक्की पटली. अरुंद जागेवर जो बसलेला असतो, तो सगळ्यात जास्त काम करत असतो आणि सगळ्यात जास्त बोलणीही तोच खातो. कारण ढीग त्याच्या पुढ्यात दिसतो ना! अडचण जागेत असते, आपण ती माणसाच्या कपाळी लिहितो.

हे झालं रोजच्या कामाचं. पण जे काम एकदाच करायचं असतं, म्हणजे पूल, धरण, घराचं बांधकाम, तिथे काय? त्यासाठी गोल्डरॅट यांनी १९९७ साली 'क्रिटिकल चेन' नावाचं दुसरं पुस्तक लिहिलं. यात त्यांनी एका दुखण्याला नाव दिलं आहे, 'स्टुडंट सिंड्रोम'. वाचून मी एकटीच हसले! पंधरा दिवसांची मुदत देऊन प्रकल्पवही लिहायला सांगा, वही लिहिली जाते चौदाव्या रात्री. आणखी आठ दिवस वाढवून द्या, मग बाविसाव्या रात्री. वाढवून दिलेला वेळ कामाला लागत नाही, तो सुरुवातीलाच खर्च होतो. मोठी माणसंही अशीच. प्रत्येक जण आपापल्या कामाला चार दिवस जास्तीचे मागून घेतो, आणि ते वाया घालवतो. म्हणून गोल्डरॅट म्हणतात, असे जास्तीचे दिवस प्रत्येकाच्या खिशात ठेवू नका. सगळे एकत्र करून कामाच्या शेवटी ठेवा, ज्याला खरी नड येईल त्याला त्यातून द्या. आपल्या आया धान्याच्या कोठीत मागे एक पायली राखून ठेवत, प्रत्येकाच्या ताटात आधीच जास्त वाढत नसत, तसंच हे.

दुसरं दुखणं एकाच वेळी दहा कामं हातात घेण्याचं. पेपर तपासणारा प्रत्येक शिक्षक हे जाणतो. तीन वर्गांचे तीन गठ्ठे, एकेकाला दोन दिवस लागतात. एकेक संपवला तर पहिला वर्ग दुसऱ्या दिवशी मोकळा, दुसरा चौथ्या, तिसरा सहाव्या. पण सगळ्यांना खूश ठेवायला थोडे इकडचे, थोडे तिकडचे तपासले, तर तिन्ही वर्ग सहाव्या दिवसापर्यंत ताटकळत राहतात. आपण तेवढेच थकलो आणि खूश कुणीच नाही.

आता आपल्याच महाराष्ट्रातली मोठी उदाहरणं घेऊ. कोकण रेल्वे सगळ्यांना ठाऊक आहे. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन प्रमुख. रोह्यापासून मंगळूरपर्यंत सातशे किलोमीटरांहून लांब मार्ग, नव्वदावर बोगदे. कठीण काळा कातळ फोडणं हे सगळ्यात अवघड, असं आपल्याला वाटेल. पण कातळाने त्रास दिला नाही तितका मऊ मातीने दिला! पाण्याने भिजलेल्या चिकणमातीत नऊ बोगदे खणायचे होते. खणलं की ढासळायचं, पुन्हा खणायचं. तिथे माणसंही गेली, वर्षंही गेली. बाकी रूळ तयार असूनसुद्धा मुंबईहून मंगळूरला सलग गाडी जाईना. शेवटी अडून बसला होता तो गोव्यातल्या पेडण्याकडचा भाग. तो सुटला आणि १९९८ च्या जानेवारीत मार्ग सलग झाला. म्हणजे अख्ख्या कोकण रेल्वेची तारीख त्या थोड्याशा चिखलाने ठरवली! पण त्यांनी एक शहाणपण केलं. जेवढा तुकडा तयार झाला तेवढ्यावर १९९३ पासूनच गाड्या सुरू केल्या. संपूर्ण होईपर्यंत सगळंच झाकून ठेवलं नाही.

आणि आता आपल्या घरचं उदाहरण. आमच्याच वैनगंगेवर, भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ, गोसीखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. त्या वेळी मी चाळिशीच्याही आतली होते, आणि वर्गात मुलांना "आता आपल्या जिल्ह्याचं चित्र बदलणार" असं सांगितलेलं आठवतं. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा. २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. खर्चाचा अंदाज पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. या लांबलेल्या कामाची कारणं अनेक आहेत, पैशाची, कामाच्या दर्जाची, चौकशांची. ती मोजत बसत नाही. मी फक्त माझ्या वहीतला प्रश्न विचारते, ढीग कुठे साचला?

भिंत उभी राहिली. पण बुडणाऱ्या गावांचं पुनर्वसन झाल्याशिवाय पाणी पूर्ण पातळीपर्यंत भरता येईना. आणि कालवे, पाटचाऱ्या शेतापर्यंत गेल्याशिवाय भरलेलं पाणी बांधावर पोचेना. भिंत ही सगळ्यात डोळ्यात भरणारी गोष्ट, म्हणून तिच्याकडे लक्ष. पण सगळ्यात अरुंद जागा भिंतीत नव्हतीच. ती होती घर सोडणाऱ्या माणसाच्या उंबरठ्यावर. लोक म्हणतात, "गावं उठत नव्हती म्हणून काम अडलं." मला हे वाक्य त्या सॉर्टेक्सवाल्या माणसासारखं वाटतं. गावाने काय करावं? नवं घर नाही, पाणी नाही, पोराला काम नाही, तर उठून जावं कुठे? जी गोष्ट सगळ्यात जास्त वेळ खाणार हे पहिल्या दिवशी दिसत होतं, ती सगळ्यात आधी हाती घ्यायला हवी होती. आधी माणसं बसवा, मग भिंत चढवा. यात दया नाही, निव्वळ हिशेब आहे. दया असेल तर उत्तमच!

असंच एक छोटं उदाहरण आमच्या अगदी जवळचं. सिहोऱ्याजवळ सोंड्याटोल्याला नदीचं पाणी उपसून चांदपूरच्या जलाशयात टाकायची योजना आहे. पावसाळ्यात नदी भरून वाहते, तेव्हाचे थोडेच दिवस उपशाचे. त्या दिवसांत पंपाचा एक तास गेला, तर तो जानेवारीत कितीही धावपळ केली तरी परत येत नाही. दुरुस्ती, वीज, माणसं, सगळं उन्हाळ्यातच तयार हवं. वर्षभराची खरी परीक्षा त्या थोड्या आठवड्यांतच असते.

हे सगळं लिहिताना मनात एक शंकाही आहे, तीही सांगून टाकते. यंत्राच्या बाबतीत "एक क्षणही रिकामं ठेवू नका" हे ठीक. पण अरुंद जागेवर माणूस असेल तर? त्याला जेवू द्यायचं नाही? मिलमध्ये आम्ही त्याचं जेवण काढून घेतलं नाही, त्याच्या जागी तासभर दुसरा बसवला. फरक एवढाच आहे, पण सगळं त्यात आहे. माणसाचा वेळ पिळून काढायचा नसतो, जे काम दुसरा करू शकतो ते त्याच्या पुढ्यातून उचलायचं असतं.

आणि म्हणूनच शेवटी घरी येते. आपल्या प्रत्येक घरात एक अशी जागा असते. सकाळी सात वाजता पाहा. "आई, माझा डबा." "अगं, माझा चष्मा कुठे?" "सूनबाई, चहा झाला का?" पाच माणसं तयार होऊन उभी, आणि सगळा ढीग एकीच्याच पुढ्यात. ती थांबली की घर थांबतं. मग घरातले म्हणतात, "हिचं आवरतच नाही लवकर!" नवा मिक्सर आणतात, नवा कुकर आणतात. म्हणजे नवा शेलरच की! तिच्या ढिगातला एक डबा आपण भरावा, आपला चष्मा आपण शोधावा, हे कुणाच्या मनात येत नाही.

तर आमच्या घरच्या वाचकांनो, विशेषतः पुण्या-नागपूरच्या पुतण्या-भाच्यांनो, या दिवाळीला सगळे सिहोऱ्याला जमणार आहात. फराळाला बसण्याआधी दहा मिनिटं स्वयंपाकघराच्या दारात उभे राहा आणि ढीग कुणापुढे साचला आहे ते बघा. दिसला की बोलू नका, सल्ले देऊ नका. बाह्या सरसावा आणि चकल्यांचा सोऱ्या हातात घ्या!